हातावर दही, नावावर गैरप्रकार

माझ्या बायकोच्या नावापुढे एका विद्यापीठाने ‘गैरप्रकार’ असा शब्द लिहिला आणि तो पुसला जायच्या आत ती मेली. लोक वारली म्हणतात, देवाघरी गेली म्हणतात. मी मेली म्हणतो. तो शब्द लिहिणाऱ्यांना हे टोचलं तर टोचू द्या. लिहिताना त्यांनी आमचा विचार केला नव्हता.

मी चौथी शिकलो. अकोल्यात एका दालमिलमध्ये मशीनवर होतो, म्हातारा होईपर्यंत तिथंच. ती सातवी शिकलेली, आणि लग्नाआधीपासून त्याच मिलमध्ये. तिचं काम वेगळं होतं. आमच्याकडे रंग पाहून दाणा उडवणारी मशीन होती. काळा, डागी, किडका दाणा समोर आला की ती फूस करून हवा मारते आणि त्याला बाजूला फेकते. पण मशीन ती मशीन. सावली पडली तरी चांगला दाणा फेकते. म्हणून त्या फेकलेल्या ढिगापाशी चार बाया सूप घेऊन बसायच्या आणि चांगले दाणे परत वेचून काढायच्या. त्या चारांतली एक ती. मालक असा चिंगूस की पंखाही चहासारखा दिवसातून दोनदाच सुरू करायचा. पण त्या चार बाया त्याने कधी काढल्या नाहीत. मशीनने टाकलेलं माणसाने एकदा पाहायचं असतं, एवढी अक्कल त्या मालकालाही होती.

आम्हाला एकच मुलगी. शिकली, शाळेत मास्तरीण झाली, लग्न होऊन अमरावतीला गेली. घर रिकामं झालं तेव्हा हिला शिकायचं सुचलं. दहावी बाहेरून दिली, बारावी बाहेरून दिली, आणि साठीला टेकली तेव्हा बी.ए.ला नाव घातलं. सगळं ऑनलाइन. केंद्र अमरावतीला, विद्यापीठ कुठेतरी लांब. तीन वर्षं ती त्या विद्यापीठात शिकली आणि त्याचं फाटक लोखंडाचं की लाकडाचं हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मी तिला चिडवायचो. "आता बी.ए. करून काय कलेक्टर होतं का तू?"

"कलेक्टर नाई होत. पन तुमच्यासारक्याले अर्ज तं लिहून देईन."

"मले कायचा अर्ज लागते?"

"लागंन कधी तरी," ती म्हणायची आणि कानात तारा घालून पुन्हा मोबाईलमध्ये डोकं खुपसायची. भाजी करपली की समजायचं, इतिहासाचा तास सुरू आहे.

परीक्षा घरीच व्हायची, मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर. त्याच्या वर एक बारीक डोळा. पेपर सुरू असताना तो डोळा तुमच्यावर रोखलेला असतो, आणि त्याच्या मागे माणूस नसतो, मशीन असते. खोलीत दुसरं कोणी नको, मोबाईल नको, कागद नको. पहिल्या परीक्षेच्या वेळी हिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मग महाराजांच्या फोटोवर दुपट्टा टाकला.

"त्याईले काहून झाकलं?" मी विचारलं.

"थ्याईलेबी चेहरा हाये ना. मशीन म्हनन खोलीत दुसरा मानूस हाये."

इतका विचार करणारी बाई. कॅलेंडराचा केला, फोटोचा केला. माझा करायचा राहिला.

आमच्याकडे परीक्षेला निघताना मुलाच्या हातावर दही-साखर ठेवतात. मुलगी शिकत होती तोवर तिच्या प्रत्येक पेपराला हिने ठेवलं. हिच्या हातावर मात्र लहानपणी कोणी ठेवलं नव्हतं, कारण सातवीनंतर परीक्षाच नव्हती. म्हणून मुलीने ते काम आपल्याकडे घेतलं. आईचा पेपर असला की ती अमरावतीहून यायची, हातावर दही ठेवायची आणि खोलीच्या बाहेर जाऊन बसायची. शेवटच्या पेपराला तिला शाळेतून सुटी मिळाली नाही. सकाळीच तिचा फोन आला.

"बाबा, आईच्या हातावर दही ठेवजा बरं. इसरू नका."

"अवं, नाई इसरत."

विसरलो नाही. घरातलं दही आंबट झालं होतं म्हणून गोड दही आणायला डेअरीवर गेलो. तिथं एक ओळखीचा भेटला, त्याच्याशी बोलत उभा राहिलो. परत आलो तर खोलीचं दार ओढून घेतलेलं आणि पेपर सुरू झालेला.

मी वाटीत दही घेतलं, साखर टाकली आणि दाराशी उभा राहिलो. डोक्यात एवढंच की शेवटचा पेपर आहे आणि हात कोरा राहिला. तो डोळा वर असतो हे मला माहीत होतं. म्हणून मी वाकलो. खालून, टेबलाच्या आडून गेलो, म्हणजे मी दिसणार नाही. तिच्या डाव्या हातावर चमचाभर दही ठेवलं आणि तसाच वाकून मागे फिरलो.

सरळ छाती काढून गेलो असतो तर म्हातारा नवरा दिसलो असतो. वाकून गेलो म्हणून चोर दिसलो.

निकाल आला. बाकी सगळे पेपर पास. या पेपरापुढे: ‘गैरप्रकार. निकाल राखीव.’ आणि खाली बारीक अक्षरात: बाहेरील व्यक्तीने परीक्षार्थीस वस्तू दिल्याचे आढळले.

तिने ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता माझी काही खैर नाही. ती म्हणाली, "वस्तू म्हनतात. दह्याले वस्तू म्हनतात थे." आणि वही काढली.

ती वही माझ्याकडे आहे. तक्रार कशी करायची हे मला त्या वहीने शिकवलं, विद्यापीठाने नाही. विद्यापीठाच्या पानावर तक्रारीची एक खिडकी आहे. तिथं आधी तक्रारीचा प्रकार निवडायचा. फी, प्रवेश, पुस्तकं, निकाल, इतर. ‘तुम्ही चुकलात’ असा प्रकार त्यात नाही. हिने ‘निकाल’ निवडला आणि नीट लिहिलं: ती वस्तू दही होती, आमच्याकडे तशी रीत आहे, आपण चित्रण पाहावे ही विनंती. मग एक नंबर मिळतो, त्याला तिकीट म्हणतात. तिने तो वहीत उतरवला, खाली वार लिहिला, वेळ लिहिली.

तीन दिवसांनी उत्तर आलं: ‘प्रिय विद्यार्थिनी, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठविण्यात आली आहे. तिकीट बंद करण्यात येत आहे. आपले समाधान झाले का? हो / नाही.’

पाठवली म्हणून बंद! पोस्टमनने चिठ्ठी पेटीत टाकली आणि सांगितलं की तुमचं उत्तर आलं, तसं.

तिने ‘नाही’ दाबलं. तिकीट परत उघडलं. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा बंद. पुन्हा ‘नाही’. दर वेळी वहीत एक ओळ. उत्तर दिलं नाही तर ते आपोआप तुमचं समाधान झालं असं धरतात, म्हणून ती एकही चुकू द्यायची नाही.

मधल्या दिवसांत तिचे पाय सुजायला लागले, मग पोट. लिव्हर गेलं होतं. आयुष्यात दारूचा थेंब नाही आणि लिव्हर गेलं. दवाखान्यात एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात मोबाईल.

"ठेव ना थो मोबाईल," मी ओरडलो. "मरू दे थ्या बी.ए.ले."

"बी.ए. मरू द्या," ती म्हणाली. "पन म्या नक्कल केली असं लिवलं हाये तठी. मशीननं टाकलं, थे कोनी तरी पाह्यलं पाह्यजे ना. कोनीच नाई पाहून राह्यलं."

आणि पुन्हा एक ‘नाही’ दाबलं. वहीतली ती ओळ वाकडी आहे. त्यानंतर ओळ नाही.

तेराव्यानंतर मी ती वही घेतली आणि विद्यापीठाच्या मदत नंबरावर फोन लावला. गाणं वाजलं, एक दाबा, दोन दाबा झालं, मग एक मुलगी बोलली.

"विद्यार्थ्याशी बोलायचं आहे, काका. तक्रार फक्त विद्यार्थ्यालाच करता येते."

"विद्यार्थी मेली."

ती म्हणाली, "ओह. सॉरी काका. मी तशी नोंद करते."

मला वाटलं, चला, माणूस भेटला. दुसऱ्या दिवशी बायकोच्या मोबाईलवर संदेश आला. विद्यार्थिनी मयत असल्याने खाते बंद करण्यात आले आहे, सर्व प्रलंबित तक्रारी निकाली काढण्यात आल्या आहेत.

आमच्या मुलीला सांगितलं तर ती फोनवर रडायलाच लागली. "बाबा, काहून सांगतलं? गप राहून तिच्या मोबाईलवरून करत राह्यलो असतो आपन."

"मंग का खोटं बोलू? थे म्हनतात खोटेपना केला, आन म्या थो खोटा नाई हे सांगासाठी खोटं बोलू?"

"सगळं जग बोलते, बाबा."

जग बोलत असेल. मला येत नाही. त्या रागात मी कोर्टासमोर गेलो.

कोर्टासमोर लिंबाखाली माझा एक मित्र बसतो. अर्ज लिहून देतो. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्यांचे घटस्फोट आणि जिवंत माणसांचे हयातीचे दाखले लिहून त्याची बोटं वाकडी झाली आहेत. मी वही त्याच्यासमोर टाकली. त्याने चष्मा पुसला, पानं उलटली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अबे बुढ्या, हे वयनीनं लिवलं का?"

"मंग का म्या लिवलं?"

"मस्त काम हाये बे. तारीख, वेळ, नंबर. आमचे वकील असं नाई ठेवत. तू कायले रडून राह्यला? केस तं तिनं तयार करून ठेवली."

"रडून नाई राह्यलो. भांडाले आलो."

"मंग भांड. पन बोलून नाई भांडाचं. तू बोलला का समदं खराब होते, मले म्हाईत हाये. कागदानं भांडाचं." त्याने टाइपरायटरमध्ये कागद घातला. "आइक. खिडकीवर जे झालं थे झालं. आता इद्यापीठाची तक्रार निवारण समिती असते, तिच्या नावानं अर्ज. अर्जदार तू, मयताचा पती, वारस. सोबत मृत्यूचा दाखला, निकालाचा कागद, वहीच्या पानाच्या झेराक्स. वही देजो नको कोनाले. आन पोच घेतल्याबिगर उठजो नको. शिक्का पाह्यजे, सही पाह्यजे, तारीख पाह्यजे."

"आन समितीनं नाई म्हटलं तं?"

"तं तिच्यावर लोकपाल. मोठ्या नावाले भेऊ नको, तुयासाठीच ठेवला हाये थो. पन मुदतीत जाजो. थे लोक मुदतीवरच जगतात." मग चावी मारता मारता थांबला. "मागतं का पन? पास करा म्हनू?"

"पास नको म्हनू. शब्द काढा म्हन. आन चित्रण पाहा म्हन."

"मुदत असते बे त्याले. चित्रण पुसून टाकतात हे लोक काही महिन्यांनी. पुसू नका, असंबी लिवतो."

ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळचीच एसटी धरली. मूर्तिजापुरात गाडी चहाला थांबली तरी मी उतरलो नाही, कागदांची पिशवी छातीशी धरून बसलो.

अमरावतीचं केंद्र म्हणजे एका कॉलेजातली मागची खोली. तिथं एक साहेब बसतो. माझा अर्ज त्याने दोन बोटांनी उचलला.

"काका, हे सगळं ऑनलाइन असतं. कागद घेत नाही आम्ही."

"ऑनलाइन बंद केलं तुमी. खातं बंद केलं."

"मग मी काय करू?"

"शिक्का मारा."

"अहो, पण त्या आता नाहीत ना? पदवीचा त्यांना काय उपयोग? तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. घरी जा, आराम करा."

इथं मी ओरडलो. मित्राने बजावलं होतं तरी ओरडलो. "उपयोग तुले काहून सांगू? तुया मायच्या नावापुढं कोनी चोर लिवलं आन थे मेली, तं तू आराम करशीन का?"

बाजूच्या टेबलावरच्या बाईने मान वर केली, उठून आली, अर्ज वाचला आणि काही न बोलता शिक्का मारून सही केली. तारीख टाकली. साहेब तिच्याकडे पाहत राहिला. ती म्हणाली, "घ्यावा लागतो, सर. नियम आहे." त्या खोलीत नियम वाचलेली ती एकटीच असावी.

समितीचं पत्र आलं ते मुलीच्या पत्त्यावर. मी त्या दिवशी तिच्याकडेच होतो. तिने वाचून दाखवलं, वाचता वाचता तिचा आवाज हलका झाला. ‘सदर विद्यार्थिनीच्या दुःखद निधनाचा सहानुभूतिपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून राखीव निकाल जाहीर करण्यात येत असून त्या उत्तीर्ण आहेत.’

"झालं, बाबा. आई बी.ए. झाली."

"गैरप्रकाराचं का लिवलं?"

"त्याचं काई नाई लिवलं."

"चित्रण पाह्यलं का?"

तिने पुन्हा वाचलं. "नाई लिवलं."

"मंग वापस पाठव."

"बाबा!"

"वापस पाठव म्हनतो ना. मेली म्हनून माफ केलं थ्याईनं. जिती असती तं चोरच राह्यली असती. हे पास होनं नोहे, ही भीक हाये. तुया मायनं कोनाची भीक खाल्ली का?"

जावई उठून आत गेले. मुलगी पत्र धरून उभी. मग तिचाही बांध फुटला.

"तुमाले आईच्या नावाचं नाई पडलं! तुमाले तुमचं पडलं हाये. तुमच्या हातानं झालं म्हनून तुमी भांडून राह्यले. सगळं स्वतःच्याच आंगावर काहून घेता? दही ठेवा म्हनून म्या सांगतलं होतं. म्या! फोन म्या केला होता."

तिच्या आईला जाऊन इतके महिने झाले आणि दह्याबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मग जे खरं ते बोललो.

"तू बरोबरच सांगतलं होतं. उशीर म्या केला."

"आन आईनं खाल्लं," ती म्हणाली. नाक पुसलं. मग म्हणाली, "लोकपालाची मुदत कवापर्यंत हाये, लिवलं हाये का खाली?"

तो अर्ज तिने लिहिला. मित्राने फोनवर दोन वाक्यं बदलायला सांगितली, तेवढंच.

लोकपालासमोरची सुनावणीही ऑनलाइन. मुलीच्या घरी, त्याच जुन्या लॅपटॉपवर. आता त्या डोळ्यासमोर मी बसलो. पडद्यावर तीन चौकोन. एकात मी, माझाच म्हातारा चेहरा. एकात विद्यापीठाचा माणूस, टाय घातलेला. एकात लोकपाल, पांढऱ्या केसांचे, माझ्याच वयाचे.

"खोलीत आपल्याबरोबर कोण आहे?" लोकपालांनी विचारलं.

"पोरगी हाये. बाहेर पाठवू का? नाई तं तिच्यावरबी गैरप्रकार लावान तुमी."

मुलीने माझा गुडघा दाबला. लोकपाल रागावले नाहीत. म्हणाले, "बसू द्या त्यांना." मग त्या टायवाल्याला म्हणाले, "चित्रण लावा."

"सर, ते गोपनीय असतं. आणि समितीने निकाल तर दिलेला आहे. विद्यार्थिनी उत्तीर्णच आहे. आता या कुटुंबाची नेमकी तक्रार काय, हेच..."

"चित्रण आहे की पुसलं?"

"आहे, सर. यांच्या अर्जामुळे ठेवलं होतं."

"मग लावा."

लावलं. आणि ती समोर आली.

मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे चित्रण पाहा, चित्रण पाहा असं मीच महिनोन्महिने म्हणत होतो, पण त्यात ती असेल, हलेल, तिचा पदर खांद्यावरून घसरेल आणि ती तो सवयीने वर घेईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचे फोटो आहेत घरी. हलणारं काही नाही. मुलीने माझा हात धरला आणि तो मोडेल इतका दाबला.

ती वाचत होती. ओठ हलत होते. मग खालून, टेबलाच्या कडेवरून, एक हात वर आला. माझाच हात. चोराचाच दिसत होता, खोटं कशाला बोलू. तिने दचकून खाली पाहिलं. आवाजही होता त्यात.

"वो! जा ना तिकडं. पेपर सुरू हाये."

हात गेला. तिने दाराकडे पाहिलं, मान हलवली. मग तळहात तोंडाला लावला, दही खाल्लं, हात पदराला पुसला. इथपर्यंत मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. मी तेव्हा खोलीबाहेर होतो आणि तिने मला कधी सांगितलं नाही.

तिने त्या डोळ्याकडे पाहिलं. सरळ आपल्याकडे पाहावं तसं. दोन्ही हात जोडले.

"सर, दही होतं जी. नक्कल नोहे. आमच्याकडं परीक्षेले ठेवतात हातावर. आमचे हे थोडे उशिरा आले." आणि हसली. "माफ करजा सर." मग पुन्हा पेपर वाचायला लागली.

चित्रण थांबलं.

लोकपालांनी चष्मा काढला. "हे याआधी कोणी पाहिलं होतं?"

टायवाला म्हणाला, "सर, यंत्रणा आपोआप खूण करते. दुसरी व्यक्ती चौकटीत आली की..."

"यंत्रणेचं नाही विचारलं. माणसाने कोणी पाहिलं होतं?"

"तशी पद्धत सध्या नाही, सर."

"समितीने?"

तो कागद चाळायला लागला.

मग मला राहवलं नाही. "साहेब, थे सांगून राह्यली होती," मी म्हणालो. "त्याच दिवशी. त्याच टायमाले. हात जोडून सांगून राह्यली होती. मंग तिनं खिडकीवर लिवलं, दवाखान्यातून लिवलं, मेल्यावर म्या लिवलं, का पाहा. दोन मिंटाचं पाह्यनं होतं. दालमिलचा शेठ मशीननं टाकलेली तूर पाहाले चार बाया ठेवते. तुरीले! तुमी मानसं फेकता आन मांगं एक बाई ठेवत नाई सूप घेऊन? थ्या चार बायांतली एक होती थे, जिले तुमी फेकलं."

टायवाला म्हणाला, "काका, आपल्या भावना आम्ही समजू शकतो..."

"तू नको समजू. तुले भावना समजाले नाई ठेवलं. तुले पाहाले ठेवलं होतं."

लोकपालांनी मला थांबवलं नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा म्हणाले, "नोंद घेतली आहे."

आदेश मुदतीतच आला. त्यात सहानुभूती हा शब्द नव्हता. ‘चित्रणाचे अवलोकन केले असता गैरप्रकार झालेला नाही. सदर शेरा प्रथमपासून चुकीचा असल्याने रद्द करण्यात येतो.’ आणि पुढे, यंत्राने खूण केलेले प्रत्येक चित्रण शिक्षेपूर्वी माणसाने पाहावे, अशी शिफारस. मुलीने वाचलं, मी परत वाचायला लावलं. ‘प्रथमपासून चुकीचा’. ते तीन वेळा वाचायला लावलं. मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "शिफारस म्हनजे थे करतीनच असं नाई, बुढ्या." मला माहीत आहे. तेवढं शेठला समजत होतं, यांना समजेल की नाही माहीत नाही.

शब्द गेला. निकालावर आता तिच्या नावापुढे काही नाही, फक्त गुण आहेत. ते काही फार नाहीत. त्या पेपरात जेमतेम पास झाली होती. नक्कल केली असती तर बरे तरी पडले असते.

मग मी ते चित्रण मागितलं. तेवढं दोन मिनिटांचं. नको तर पेपर झाकून द्या, प्रश्न झाकून द्या, ती द्या. उत्तर आलं: परीक्षेचे चित्रण विद्यार्थी अथवा कुटुंबीयांस देण्याची तरतूद नाही, प्रकरण निकाली निघाल्याने ते नियमानुसार नष्ट करण्यात येईल. मित्र म्हणतो यात आपण हरू. हरू तर हरू. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, पुसू नका असं पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

पदवीचा कागद उतरवून घेण्यासाठी त्यांनी तिचं खातं पुन्हा उघडलं. त्यामुळे तिचा मोबाईल मी चालू ठेवला आहे. मुलगी म्हणते, "बाबा, आता तं झालं ना सगळं." परवा त्यावर संदेश आला. ‘प्रिय विद्यार्थिनी, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपले समाधान झाले का? हो / नाही.’

मी चष्मा लावला आणि ‘नाही’ दाबलं. वहीत तिच्या वाकड्या ओळीखाली वार लिहिला, वेळ लिहिली.